शीत व गोठवलेला खाद्यमाल समुद्रमार्गे परदेशी पाठवताना : बेळगाव सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी आणि कागवाड या भागांतील बागायतदार, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि लहान प्रक्रिया उद्योजक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. परदेशी खरेदीदार कसा शोधावा, हा विषय मुद्दाम बाजूला ठेवला आहे. तोडणी झाल्यापासून कंटेनरचे दार बंद होईपर्यंतचे जे थोडे तास असतात, त्या तासांतील थंडीची सोय आपल्या भागात खरेदीदारापेक्षाही अधिक कमी पडते, असे माझे ठाम मत आहे.

रीफर कंटेनर माल थंड करतो का?

नाही. तो आधीच थंड असलेला माल थंड ठेवतो. अनेकांचे नुकसान याच एका गैरसमजामुळे होते. चाळीस फुटी उंच रीफर कंटेनरच्या एका टोकाला शीतयंत्र असते. ते थंड हवा तळातील इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या पट्ट्यांमधून दाराकडे सोडते. ती मालातून किंवा मालाभोवतून वर चढते आणि छताखालून यंत्राकडे परत जाते. यंत्राची ताकद भिंतींतून आत येणारी उष्णता आणि फळांच्या श्वसनातून निघणारी उष्णता बाहेर काढण्यापुरती असते. वीस-बावीस टन कोमट फळे त्यात भरली, तर मधल्या पेट्या थंड व्हायला कित्येक दिवस लागतात आणि तेवढ्यात बुरशीला हवा तो अवकाश मिळून जातो. वाफाळता भात डब्यात भरून झाकण लावावे, तशी त्या पेट्यांची गत होते.

कंटेनरच्या पडद्यावर दिसणारे तापमान हवेचे असते, फळाच्या गराचे नसते, हेही येथेच सांगणे आवश्यक आहे. यंत्रातून बाहेर पडणारी हवा शून्य अंश दाखवत असताना मधल्या पेटीतील द्राक्षमणी बारा अंशांवर असू शकतो. म्हणून भरणीच्या वेळी टोचणीचा तापमापक हातात असलाच पाहिजे, आणि प्रत्येक पॅलेटमधील, म्हणजे चौकटीवर रचून बांधलेल्या पेट्यांच्या गठ्ठ्यातील, निदान एका पेटीतील फळाच्या गराचे तापमान वहीत लिहून ठेवले पाहिजे.

मग प्रीकूलिंग, म्हणजे भरणीपूर्वी माल थंड करणे, कोठे आणि कसे करावे?

अथणी-कागवाडकडील द्राक्षांसाठी सध्याचा व्यवहार्य मार्ग म्हणजे सांगली-तासगाव पट्ट्यातील मान्यताप्राप्त पॅकहाऊस, म्हणजे माल निवडून पेटीबंद करण्याचे केंद्र. तेथे प्रीकूलिंगच्या खोल्या, पॅलेट बांधण्याची सोय आणि द्राक्षाचे काम जाणणारी माणसे मिळतात. तोडणी पहाटे सुरू करून ऊन चढण्यापूर्वी थांबवावी. क्रेट झाडाच्या किंवा शेडनेटच्या सावलीत ठेवावेत आणि गाडी भरण्याची वाट पाहत दुपारपर्यंत बांधावर ठेवू नयेत. प्रीकूलिंगमध्ये पंख्याच्या दाबाने थंड हवा पेटीच्या भोकांतून खेचली जाते, त्यामुळे काही तासांत गराचे तापमान खाली येते. साध्या शीतगृहात पेट्या नुसत्या रचून ठेवल्या, तर त्याच कामाला दिवस लागतो. या दोन खोल्या बाहेरून सारख्या दिसतात, पण त्यांचे काम वेगळे आहे. म्हणून भाडे ठरवताना ‘कोल्ड स्टोरेज आहे का’ असे न विचारता ‘प्रीकूलिंग किती टनांचे आहे आणि किती तासांत माल चार अंशांच्या खाली येतो’ असे विचारावे.

उशीर झालेल्या द्राक्षात पहिली खूण देठावर दिसते. मणी टपोरे असतानाच देठ सुकून तपकिरी पडतो आणि रॉटरडॅमच्या खरेदीदाराची नजर आधी देठाकडेच जाते. द्राक्ष पाणी गमावते ते मुख्यतः तोडणीनंतरच्या पहिल्या गरम तासांत, आणि ते पुढे कोणत्याही यंत्राने परत मिळत नाही.

भाजीपाल्याच्या बाबतीत आपली अडचण अधिक मोठी आहे. बेळगावची कोबी, गाजर, मिरची आणि वाटाणा वर्षानुवर्षे चोर्ल्याच्या घाटाने रोज गोव्याला जातो. तो एका रात्रीचा प्रवास असल्याने तेथे प्रीकूलिंगवाचून चालून जाते. परदेशासाठी मात्र हीच सवय घातक ठरते. ज्या उत्पादक कंपनीला खरोखर निर्यात करायची आहे, तिने आपले पहिले भांडवल ग्रेडिंगच्या चकचकीत यंत्रापेक्षा प्रीकूलिंगच्या एका लहान खोलीत घालावे, असा माझा आग्रह आहे.

कोणत्या मालाला किती तापमान लागते?

द्राक्षाला उणे अर्धा ते शून्य अंश, हवेत ९० ते ९५ टक्के आर्द्रता, आणि पेटीत गंधकवायू हळूहळू सोडणारा कागद. कोबी आणि गाजर शून्य अंशाच्या आसपास उत्तम राहतात. हिरव्या मिरचीला सात ते दहा अंश हवेत. डाळिंब पाच अंशांच्या खाली बराच काळ राहिले तर सालीवर डाग पडतात आणि आतील पांढरे पडदे तपकिरी होतात. केळी तेरा-चौदा अंशांखाली काळवंडतात आणि हापूसही साधारण तेवढ्यालाच नेला जातो.

रताळ्याविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण ते आपल्या लाल मातीचे पीक आहे आणि त्याबाबत सर्वाधिक चुकीचा सल्ला दिला जातो. रताळ्याला तेरा ते पंधरा अंश लागतात. ते बटाट्यासारखे चार-पाच अंशांवर ठेवले, तर आतून कडक पडते, शिजवले तरी मऊ होत नाही आणि बाहेर काढल्यावर लवकर सडते. शिवाय काढणीनंतर सुमारे तीस अंश उष्ण आणि दमट जागेत चार ते सात दिवस ठेवून त्याच्या सालीवरच्या जखमा भरून येऊ द्याव्या लागतात. ही पायरी गाळलेले रताळे कोणत्याही तापमानाला लांबच्या प्रवासात टिकत नाही. थंडीची घाई करू नये असा आपल्याकडचा हा मोठा माल आहे.

एकाच कंटेनरमध्ये वेगवेगळ्या भाज्या पाठवता येतात का?

आखातातील व्यापारी तशी मागणी करतात आणि चार-सहा दिवसांच्या प्रवासात ते काही प्रमाणात जमतेही. मात्र कंटेनरला तापमान एकच असते. मिरचीसाठी आठ अंश लावले तर कोबीचे आयुष्य घटते, आणि कोबीसाठी शून्य लावले तर मिरचीवर खड्डे पडतात. पिकणारी केळी, आंबे, टोमॅटो यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने शेजारची पालेभाजी पिवळी पडते आणि गाजराला कडवटपणा येतो. युरोपइतक्या लांबच्या प्रवासाला मिश्र माल पाठवू नये.

आमच्याकडे तीन-चार टनच माल आहे. काय करावे?

रीफरमध्ये सुटा माल एकत्र नेण्याची सोय क्वचितच मिळते. त्यामुळे एकाच पिकाच्या, एकाच जातीच्या आणि एकाच आठवड्यात तोडणीला येणाऱ्या बागा एकत्र करणे हाच उपाय उरतो. उत्पादक कंपनीचे खरे काम हेच आहे. डाळिंबात मृग, हस्त आणि आंबिया यांपैकी कोणता बहार धरायचा, हे गटाने आधीच ठरवले तर एक कंटेनर भरणे अवघड जात नाही.

गोठवलेल्या मालाला उणे अठराच का?

फॅरनहाइट मापावरील शून्य म्हणजे जवळपास उणे १८ अंश सेल्सिअस. तो सोयीचा आकडा पुढे जगभर मानक म्हणून रूढ झाला. हे तापमान उणे १५ पर्यंत वर नेल्यास ऊर्जा वाचेल, असा प्रस्ताव २०२३ च्या दुबई येथील हवामान परिषदेच्या वेळी काही वाहतूक कंपन्या आणि संशोधकांनी मांडला. परंतु खरेदीदाराच्या करारात उणे १८ लिहिले असेल तर आपल्याला तेच पाळायचे आहे.

आकड्याहून अधिक महत्त्व स्थिरतेला आहे. वाटाणा किंवा मक्याचे दाणे आधी वाफेतून अथवा उकळत्या पाण्यातून काढतात, कारण त्यातील विकरे (एन्झाइम) निष्क्रिय केली नाहीत तर गोठलेल्या अवस्थेतही रंग आणि चव हळूहळू बिघडत राहते. मग उणे ३५ ते ४० अंशांच्या जोरदार हवेत प्रत्येक दाणा सुटा गोठवतात. उणे एक ते उणे पाच अंशांचा टप्पा जितका झपाट्याने ओलांडला जाईल तितके बर्फाचे स्फटिक बारीक राहतात आणि दाण्याच्या पेशी फाटत नाहीत. पुढे वाटेत तापमान वरखाली होत राहिले तर तेच बारीक स्फटिक एकमेकांत मिसळून मोठे होतात. पिशवीत दाणे सुटे न राहता त्यांचे गोळे झालेले दिसले, तर माल एकदा वितळून पुन्हा गोठला आहे, हे अनुभवी खरेदीदार पिशवी दाबूनच ओळखतो.

गोठवलेले अन्न समुद्राने नेण्याची परंपरा जुनी आहे. १५ फेब्रुवारी १८८२ रोजी न्यूझीलंडहून निघालेले ‘डुनेडिन’ हे शिडाचे जहाज गोठवलेले मांस घेऊन ९८ दिवसांनी लंडनला पोचले आणि बहुतेक सारा माल विकण्याजोगा उतरला. त्या जहाजावर कोळशावर चालणारे शीतयंत्र होते. आज आपल्या देशातून गोठवून जाणाऱ्या मालात कोळंबी आणि म्हशीचे मांस यांचा वाटा सर्वांत मोठा आहे. भाज्या आणि तयार पदार्थ त्यांच्या मागे आहेत.

गोवा इतके जवळ असताना माल न्हावा शेव्यालाच का न्यावा लागतो?

मुरगाव बंदर नकाशावर जवळ आहे, परंतु लांब पल्ल्याच्या कंटेनर जहाजांच्या नियमित फेऱ्या, रीफरला वीज देणारे प्लग आणि रिकाम्या रीफरचा साठा हे सारे न्हावा शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरात जितके मिळते तितके तेथे मिळत नाही. शिवाय चोर्ला, अनमोड आणि आंबोली हे तिन्ही घाट चाळीस फुटी ट्रेलरसाठी सोपे नाहीत, आणि पावसाळ्यात दरडींमुळे व अवजड वाहनांवरील निर्बंधांमुळे वेळेचा भरवसा राहत नाही. नव मंगळूर हे कर्नाटकाचे प्रमुख बंदर आहे. विशिष्ट जहाजसेवा जुळत असेल तर तेथील दर अवश्य मागवावेत.

बेळगावहून राष्ट्रीय महामार्ग ४८ ने कोगनोळी, कोल्हापूर, सातारा, पुणे असे न्हावा शेव्यापर्यंत सुमारे पावणेपाचशे ते पाचशे किलोमीटर अंतर पडते. येथे खर्चाचा एक भाग बहुतेकांच्या हिशेबातून सुटतो. रिकामा रीफर मुंबईकडूनच यावा लागतो, त्यामुळे भाडे दोन्ही बाजूंचे पडते, आणि परतीच्या वाटेवर शीतयंत्राला वीज देणारा जेनसेट सोबत लागतो. जेनसेट चालकाने डिझेल वाचवण्यासाठी मध्येच बंद केला तर ते कंटेनरच्या नोंदीत उमटते, पण तोवर नुकसान होऊन गेलेले असते. म्हणून डिझेलचा खर्च भाड्यात न गुंडाळता वेगळा द्यावा आणि डेटा लॉगरची, म्हणजे तापमान टिपणाऱ्या उपकरणाची, नोंद पाहूनच उरलेले भाडे चुकते करावे. दुसरा पर्याय असा की शीतवाहनाने माल बंदराजवळील शीतगृहात न्यावा आणि तेथे कंटेनर भरावा. त्यात माल एकदा जास्त हाताळला जातो. गोठवलेल्या मालाला हे चालते. द्राक्षाला मी तो सल्ला देणार नाही.

बाग कर्नाटकात, पॅकहाऊस आणि बंदर महाराष्ट्रात. कागदपत्रांत अडचण येते का?

कायद्याने येत नाही. निर्यात केंद्राच्या सीमाशुल्क कायद्याखाली होते, आणि कर्नाटकातील जीएसटी नोंदणीवर महाराष्ट्रातील बंदरातून माल पाठवता येतो. निर्यात शून्य दराची असते. त्यासाठी हमीपत्र आधी भरून ठेवावे. सीमा ओलांडताना ई-वे बिल सोबत असावे. शिपिंग बिलात, म्हणजे सीमाशुल्क खात्याकडे भरायच्या निर्यातीच्या कागदात, मालाचे मूळ राज्य आणि जिल्हा नोंदवावा लागतो, तेथे बंदराचा किंवा पॅकहाऊसचा नव्हे तर बागेचा जिल्हा, म्हणजे बेळगाव, लिहावा. आपल्या जिल्ह्याची निर्यात दुसऱ्याच्या खात्यात नोंदली गेली, तर येथील सोयींसाठीची मागणी कागदावर कधीच दिसणार नाही.

बागेची नोंदणी मात्र ज्या राज्यात जमीन आहे तेथील खात्याकडेच करावी लागते. अपेडा या केंद्राच्या कृषी निर्यात प्राधिकरणाच्या ग्रेपनेट या द्राक्षांसाठीच्या ऑनलाइन प्रणालीवरील नोंद त्यावरच उभी राहते. पॅकहाऊस सांगलीकडचे आहे म्हणून तेथील कार्यालयात बागेची नोंदणी होत नाही, हे हंगामाच्या तोंडावर कळून उपयोग नसतो. सीमाभागातील आणखी एक नेहमीची अडचण नावांची आहे. उताऱ्यावर नाव कन्नडमध्ये, आधारवर रोमन लिपीत आणि बँकेत तिसऱ्याच पद्धतीने लिहिलेले असते. ही नावे तोडणीच्या निदान दोन महिने आधी एकसारखी करून घ्यावीत.

बाकीची यादी थोडक्यात अशी. आयात-निर्यात कोड क्रमांक पॅनशी जोडलेला असतो, ५०० रुपये शुल्कात ऑनलाइन मिळतो आणि दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये त्याची माहिती तपासून कायम करावी लागते. फळे, भाज्या व प्रक्रिया केलेल्या खाद्यपदार्थांसाठी अपेडाची नोंदणी लागते, मासळीसाठी एम्पेडा या सागरी उत्पादनांच्या निर्यात प्राधिकरणाची. ताज्या मालाला वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र हवे. लाकडी पॅलेट ५६ अंशांवर ३० मिनिटे तापवून शिक्का मारलेले असावेत. भरलेल्या कंटेनरचे प्रमाणित वजन जहाज कंपनीला कळवणे १ जुलै २०१६ पासून बंधनकारक आहे.

औषधांच्या अंशांविषयी इतकी धास्ती का बाळगावी?

कारण एकाच्या चुकीची किंमत सर्वांना मोजावी लागते. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचे अंश सापडल्याने भारतीय द्राक्षांचे अनेक कंटेनर युरोपात अडकले. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंब्यावर आणि काही भाज्यांवर किडीच्या कारणाने बंदी घातली. आंब्यावरील बंदी २०१५ च्या आरंभी उठली. म्हणून फवारणीची वही खरी ठेवावी, तोडणीपूर्वीचा प्रतीक्षाकाळ पाळावा आणि प्रयोगशाळेचा अहवाल हाती आल्यावाचून कात्री लावू नये. दुकानदाराने सुचवलेले औषध ज्या देशात माल जाणार आहे तेथे चालते का, हे अपेडाच्या यादीवरून पाहावे. शेजारच्या बागेत चालले एवढ्यावर विसंबू नये.

कंटेनर भरताना काय पाहावे?

कंटेनर आला की आधी यंत्राच्या तपासणीचा दाखला मागावा, दाराचे रबर हात फिरवून पाहावे आणि आत शिरून वास घ्यावा. आधीच्या फेरीतील मासळीचा वास द्राक्षाला लागतो. पाणी वाहून जाण्याच्या नळ्या मोकळ्या आहेत का, हे पाहावे.

खानापूरसारख्या अतिपावसाच्या भागात एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. शीतगृहाच्या दाराला कंटेनर घट्ट चिकटून उभा राहत नसेल, तर रिकामा कंटेनर आधी थंड करून दार उघडू नये. बाहेरची दमट हवा आत शिरून थंड भिंतींवर पाणी साचते आणि यंत्राच्या नळ्यांवर बर्फ धरतो. दार उघडे असताना यंत्र बंद ठेवावे, भरणी झटपट उरकावी, दार लावून मग यंत्र सुरू करावे.

माल कंटेनरच्या आतील भिंतीवरच्या लाल रेषेच्या वर रचू नये, कारण परतीच्या हवेची वाट तीच असते. तळ दारापर्यंत झाकला गेला पाहिजे. शेवटी मोकळी जागा राहिली तर थंड हवा तेथूनच वर निघून जाते आणि मधल्या मालापर्यंत पोचत नाही. तेथे जाड पुठ्ठा अंथरावा. ताज्या मालाच्या पेट्यांची भोके एकावर एक जुळली पाहिजेत, कारण हवा मालातून जायची असते. गोठवलेला माल उलट घट्ट रचतात, हवा त्याच्या भोवतून फिरते, आणि वायुवीजनाची खिडकी पूर्ण बंद ठेवतात. तापमान लिहिताना उणे चिन्ह शब्दांत लिहावे. ‘१८’ आणि ‘उणे १८’ यांतील घोटाळ्याने भरलेला कंटेनर नासू शकतो.

प्रवासाला किती दिवस धरावेत?

न्हावा शेव्याहून दुबईच्या जेबेल अली बंदरापर्यंत थेट जहाज असेल तर साधारण चार ते सात दिवस. सुएझमार्गे उत्तर युरोप तीन ते चार आठवडे. २०२३ च्या अखेरीस लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर अनेक कंपन्यांनी जहाजे आफ्रिकेला वळसा घालून नेली आणि प्रवास दहा ते चौदा दिवसांनी लांबला. म्हणून बुकिंगच्या वेळी जहाज कोणत्या मार्गाने जाणार आणि माल वाटेत दुसऱ्या जहाजावर चढवणार का, हे लेखी घ्यावे, आणि मालाचे आयुष्य सांगितलेल्या दिवसांपेक्षा निदान दहा दिवस अधिक धरावे. मार्च २०२५ मध्ये भगवा डाळिंबांची अमेरिकेला समुद्रमार्गे पाठवलेली पहिली व्यापारी खेप सुमारे पाच आठवड्यांनी चांगल्या अवस्थेत न्यूयॉर्कला पोचली. अथणीच्या डाळिंब बागायतदारांनी ही घटना गांभीर्याने घ्यावी, असे मला मनापासून वाटते.

गोठवलेली पुरणपोळी, मोदक किंवा बेळगावी कुंदा पाठवता येईल का?

पुरणपोळी आणि मोदक गोठवून चांगले जातात. कुंद्याचे तसे नाही. त्यात दूध असल्याने अनेक देशांत वेगळे आरोग्य प्रमाणपत्र लागते, आणि काही ठिकाणी प्रवेशच मिळत नाही. पोळीवर तूप लावले असले तरी हाच प्रश्न उद्भवू शकतो, म्हणून घटकांची यादी देऊन आयातदाराकडून नियम लेखी मागवावा. अमेरिकेसाठी कारखान्याची तेथील अन्न व औषध प्रशासनाकडे नोंदणी, तेथील प्रतिनिधी आणि प्रत्येक खेपेची पूर्वसूचना आवश्यक असते. वेष्टणावर गहू, दूध, काजू यांसारख्या ॲलर्जीकारक घटकांचा स्पष्ट उल्लेख हवा.

विमा उतरवला म्हणजे सर्व नुकसान भरून मिळते का?

नाही. नेहमीच्या सागरी विम्यात उशिरामुळे झालेले नुकसान वगळलेले असते, मग ते विमापत्र कितीही व्यापक असले तरी. गोठवलेल्या अन्नासाठीच्या प्रचलित कलमांत शीतयंत्र सलग २४ तास बंद पडल्यासच भरपाई मिळते. यंत्र दहा तास बंद, चार तास सुरू, पुन्हा दहा तास बंद असे झाले तर दावा अडू शकतो. हे कलम वाचून, त्यात बदल करून मिळतो का हे विचारावे. माल मुळातच कोमट भरला होता, असे विमा कंपनी किंवा जहाज कंपनी हमखास म्हणते. त्या वेळी भरणीच्या दिवशी लिहिलेली गराच्या तापमानाची वही आणि छायाचित्रे हाच आपला पुरावा असतो.

विमा नसणे मात्र त्याहून वाईट. मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ सुएझ कालव्यात सहा दिवस अडकले, तेव्हा सुटकेच्या खर्चाचा वाटा जहाजावरील मालाच्या मालकांकडूनही मागण्यात आला. जुन्या सागरी प्रथेनुसार तसे करता येते, आणि विमा असेल तर त्याची हमी विमा कंपनी देते.

नुकसान बाहेरून दिसत नसेल तर माल ताब्यात घेतल्यापासून तीन दिवसांत जहाज कंपनीला लेखी कळवावे लागते आणि दावा एका वर्षाच्या आत दाखल करावा लागतो. खरेदीदाराला हे करारातच लिहून द्यावे. त्याने दार उघडताक्षणी छायाचित्रे काढावीत, सर्वेक्षकाला बोलवावे आणि तोपर्यंत माल हलवू नये.

कंटेनर निघाल्यावर आपल्या हातात काय उरते?

पुष्कळ उरते. अनेक जहाज कंपन्या आता रीफरचे तापमान ऑनलाइन दाखवतात. ते रोज पाहावे आणि सेटपॉइंट (लावून दिलेले तापमान) व परतीची हवा यांत फरक वाढत गेला तर लगेच फॉरवर्डरमार्फत, म्हणजे वाहतुकीची व्यवस्था पाहणाऱ्या मध्यस्थामार्फत, लेखी कळवावे. बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाज कंपनीच्या माल-पावतीवर, तापमान आणि वायुवीजन बरोबर छापले आहे का, हे मसुदा आल्या दिवशीच तपासावे. कागद जहाजापेक्षा आधी पोचले पाहिजेत, विशेषतः आखातासाठी, कारण तेथे जहाज कुरिअरच्या आधी लागू शकते आणि मग प्लगचे व विलंबाचे भाडे दिवसागणिक चढते. पेट्यांत ठेवलेल्या लॉगरचे क्रमांक आणि तो कोणत्या पॅलेटमध्ये आहे ते पॅकिंग लिस्टवर लिहावे, म्हणजे माल उतरवणाऱ्याला तो शोधून त्यातील नोंद उतरवून घेता येते.